शिदोरीवाचून प्रवास

सकाळी मोटारीने शेजारच्या शहरी जावे, दिवसभर तेथील नामांकित पदार्थ खावे आणि दिवेलागणीच्या सुमारास घरी परतावे, असा बेत आज कोणत्याही सुशिक्षित कुटुंबात सहज होतो. देवदर्शन नाही, लग्नकार्य नाही, कोर्टकचेरीचे काम नाही. केवळ खाण्यासाठी प्रवास. आपल्या पणजोबांस हा बेत कोणी सांगितला असता, तर तो त्यांना हास्यास्पद वाटण्यापूर्वी अनाकलनीय वाटला असता. प्रवास आणि अन्न यांचा त्यांच्या लेखी जो संबंध होता तो याच्या नेमका उलट होता. परगावी गेल्यावर तेथले काही खावे लागू नये, एवढ्याचसाठी निघण्याच्या आदल्या रात्री घरातील बायका जागत असत. दशम्या, भाजलेल्या दाण्यांची चटणी, लाडू, पोहे, आणि पाण्यासाठी आपला तांब्या व फिरकीचे झाकण. शिदोरीला आपल्या भाषेत जो जिव्हाळा चिकटला आहे तो खराच. पण शिदोरी हे एक कुंपणही होते, आणि ते माणूस बरोबर घेऊन हिंडत असे.

दशमी पाण्याऐवजी दुधात का भिजवितात, असे विचारले तर हल्लीची पाकशास्त्राची पुस्तके सांगतात की, ती मऊ राहते व अधिक टिकते. हे खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे. पाण्यात मळलेले व शिजलेले अन्न सोवळ्याच्या हिशेबात चटकन विटाळे. दुधातुपातल्या पदार्थास तो नियम तितका कडक लागत नसे. प्रवासी माणसाला वाटेत कोणाचा स्पर्श होईल याचा नेम नाही, म्हणून त्याच्या गाठोड्यात दुधातली भाकरी. धर्मशास्त्र स्वयंपाकघरात शिरले म्हणजे कसे चविष्ट होते याचे हे एक उदाहरण आहे. परंतु त्या चवीखाली काय दडले होते ते विसरता येत नाही. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखे लोक त्या बैठकीस होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे छापून आणविली, आणि त्या चहाचा खटला शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेला. कित्येकांना प्रायश्चित्ते घ्यावी लागली. या गोष्टीला अजून दीडशे वर्षेही झालेली नाहीत.

आमच्या घरी ठरलेला बेत सांगलीहून कोल्हापूरचा. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. मोटार बरी चालली तर दीड तास. बेत आखण्याचे काम माझ्याकडे आले, आणि इतिहासाच्या शिक्षकाकडे असले काम दिले म्हणजे जे व्हावयाचे तेच झाले. तरुण मंडळींनी कोणत्या दुकानी काय खावे याच्या याद्या दूरध्वनीच्या पडद्यावरून उतरवून आणल्या होत्या. त्या याद्यांत सर्व काही होते. मात्र हे पदार्थ याच नगरात का, आणि ते चारचौघांत एका बाकावर बसून खाण्याची सोय कोणामुळे झाली, एवढेच नव्हते. म्हणून मी बेताला थोडी निराळी दिशा दिली. ती येथे मांडतो. ज्यांना नुसतेच जेवावयाचे असेल त्यांनी मधले परिच्छेद वगळावे.

प्रथम वार ठरवावा. रविवार वा बुधवार हे कोल्हापुरात सामिष भोजनाचे वार. सोमवार, गुरुवार, शनिवार पुष्कळ घरी पाळतात, आणि मंगळवार तर अंबाबाईचा. श्रावणात व नवरात्रात हा बेत करूच नये. निघावे ते पहाटे साडेपाचला, कारण पहिला पदार्थ सूर्याबरोबर संपतो. वाटेत अंकलीचा कृष्णेवरचा पूल, पुढे जयसिंगपूर. हे शहर शाहू महाराजांनी वसविले आणि आपले जनक वडील जयसिंगराव यांचे नाव त्यास दिले. येथल्या भडंगाची ख्याती आहे. एक पुडा घ्यावा, पण फोडू नये. पूर्वी या एवढ्याशा वाटेत माणूस एका संस्थानातून दुसऱ्यात जाई. सांगलीचे पटवर्धनी संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, कोल्हापूर त्यानंतर वर्षभराने, १ मार्च १९४९ रोजी. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत हाच प्रवास बैलगाडीने व घोड्यावरून होई, आणि शिदोरी सुटण्याची जागा वाटेतल्या एखाद्या विहिरीजवळ असे. कोणत्या विहिरीजवळ, हे ज्याच्या त्याच्या जातीवर.

कोल्हापुरात शिरल्यावर प्रथम गंगावेशीकडे जावे. तेथे दूधकट्ट्यावर म्हशी आणून उभ्या केलेल्या असतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. ऊन, गोडसर, किंचित गवताच्या वासाचे हे दूध शहरी मुलांस पहिल्या घोटास रुचत नाही, दुसऱ्यास रुचते. हा कट्टा येथेच का, याचे उत्तर आसपासच्या तालमींत आहे. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी पिढ्यानपिढ्या मल्ल घडविले, आणि मल्लाला दूध, तूप, बदामाची थंडाई व मटण हे औषधासारखे वेळेवर लागते. कुस्तीला राजाश्रय होता म्हणून मल्ल टिकले, मल्ल होते म्हणून दुधाला गिऱ्हाईक राहिले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज विलायतेस गेले. त्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना आली आणि १९१२ मध्ये ते तयार झाले, असे सांगतात. मैदानाच्या उताराची रचना अशी की शेवटच्या रांगेतील माणसालाही हौद्यातील डाव दिसतो. शेजारचे १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले. ते पाहून मन खिन्न होते, परंतु तो विषय वेगळा.

दुधानंतर मिसळ. तिच्याविषयी मी फार लिहीत नाही, कारण लिहिणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे दुकान ठरलेले आहे. मोड आलेली मटकी, वर फरसाण, वर तांबडा कट, सोबत पावाच्या जाड कापा. एकच गोष्ट सुचवितो. मिसळ एकट्याने एक घ्यावी. चौघांत दोन घेऊन ‘चव पाहू’ म्हणणाऱ्यांनी पुढच्या दोन तासांत उपाशी राहून रस्सा मात्र मनसोक्त जेवावा, हे अधिक शहाणपणाचे. माझे मत विचाराल तर मिसळीच्या दुकानाची खरी मौज तिच्या कटात नसून बाकांत आहे. त्या अरुंद बाकावर गिऱ्हाईक कोठे बसेल हे फक्त जागा कोठे रिकामी आहे यावर ठरते. असे बसणे आज आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की त्यालाही काही इतिहास असेल, असे मनात येत नाही. त्याकडे पुढे वळतो.

न्याहारी व जेवण यांमधल्या वेळात शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ पाहावी. ही पेठ १८९५ मध्ये महाराजांनी वसविली, त्यांना राज्याधिकार मिळाल्यानंतर अवघ्या वर्षभरात. राधानगरीच्या धरणाची योजना १९०७ ची. ते धरण त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, स्वातंत्र्यानंतर झाले. बाजार आधी आणि पाणी मागून असा हा क्रम होता, आणि दोहोंमुळे पंचगंगेच्या खोऱ्यात उसाचे राज्य पसरले. गुऱ्हाळाच्या हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर, गेल्यास काहिलीतला ताजा गूळ बोटाने चाखावयास मिळतो. त्याचा रंग पिवळाधमक असेल तर शंका घ्यावी. चांगल्या गुळाला थोडा काळपटपणा असतोच. घरी न्यावयाची ढेप येथेच घ्यावी.

आता रस्सा. कोल्हापूरच्या ताटात दोन वाट्या असतात, तांबडी व पांढरी, आणि त्या वाट्यांत आसपासचा सारा मुलूख उतरलेला असतो. मटण प्रथम हळद-मीठ न घालता, वा अगदी बेताने घालून, शिजवितात. त्याचे पाणी ते अळणी. त्या अळणी पाण्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ आणि खडा मसाला पडला की पांढरा रस्सा होतो. कांदा-लसणीची चटणी पडली की तांबडा. नारळ येतो घाटाखालून, गगनबावड्याच्या आणि फोंड्याच्या वाटेने. मिरची येते दक्षिणेकडून, संकेश्वरची तिखटासाठी व ब्याडगीची रंगासाठी. भाकरीचा जोंधळा पूर्वेकडच्या काळ्या रानातला, आणि भात मिळाला तर आजऱ्याच्या घनसाळाचा मागावा. कोकण, कर्नाटक आणि देश यांच्या सांध्यावर हे गाव वसले आहे हे भूगोलाच्या पुस्तकात वाचून जेवढे कळत नाही तेवढे या दोन वाट्यांत कळते.

एका भ्रमाचा निरास येथेच केला पाहिजे. तांबडा रस्सा ‘शिवकालापासूनचा’, ‘अनादि’ अशी जाहिरात खानावळींच्या पाट्यांवर असते. मिरचीचे झाड मुळी अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ते आपल्या किनाऱ्याला लागले. त्यापूर्वी तिखटपणा होता तो मिरीचा, आल्याचा, पिंपळीचा. तेव्हा आपण ज्याला अस्सल व पुरातन म्हणतो तो तांबडा रंग घाट चढून आलेल्या पाहुण्याचा आहे, आणि त्या पाहुण्याला येथल्या स्वयंपाकघराने इतके आपलेसे केले की आज कोल्हापुरी घरात ‘चटणी’ म्हटले की दुसरे काही मनात येतच नाही. या दृष्टीने पांढरा रस्सा कदाचित जुन्या वळणाला अधिक जवळ असेल. बाहेरगावच्या उपाहारगृहांत ‘कोल्हापुरी’ हे विशेषण केवळ जाळ या अर्थाने लावितात, आणि भाज्यांच्या एका लाल मिश्रणालाही ते नाव देतात. कोल्हापुरातल्या कोणत्याही आजीने ते मिश्रण ओळखले नसते. खरा रस्सा तिखट असतो, पण त्याच्या तिखटाखाली चव असते, आणि ती कळावी म्हणूनच शेजारी पांढरी वाटी ठेवलेली असते. तांबड्याचे दोन घोट, मग पांढऱ्याचा एक. आमच्या मंडळींत दोघेजण शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी अख्खा मसूर, झुणका आणि खर्डा यांची सोय बहुतेक ठिकाणी होते. एकाच मेजावर दोन्ही प्रकार मांडले जातात आणि कोणी कोणाच्या ताटाकडे पाहून उठून जात नाही.

हे वाक्य लिहिताना मी जरा थांबलो, कारण याच नगरात विसाव्या शतकाच्या आरंभी असे मेज मांडता आले नव्हते. १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर वेदोक्ताचा वाद पेटला तो सर्वांस ठाऊक आहे. त्याहून कमी परिचित, पण आपल्या विषयाच्या अधिक जवळची गोष्ट वसतिगृहांची. खेड्यांतून शिकावयास येणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवण्याची सोय व्हावी म्हणून १८९६ च्या सुमारास सर्व जातींसाठी एकच वसतिगृह चालविण्याचा प्रयत्न झाला. ते पाहता पाहता ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले, त्याच वर्षी जैनांचे. १९०६ मध्ये मुसलमानांचे. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे. लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा अनेक समाजांचीही निघाली, आणि महाराजांच्या अखेरीपर्यंत त्यांची संख्या वीसच्या आसपास गेली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यावरून.

या वसतिगृहांनी केलेले काम मोठे आहे. खेड्यातला मुलगा शिकला तो त्यांच्यामुळे. पण इतिहासाने कौतुकाबरोबर हिशेबही मांडावा. जातवार वसतिगृह म्हणजे जातवार चूल. वर्गात मुले शेजारी बसत. जेवणाच्या वेळी प्रत्येकाची वाट निराळी. पाटीपेन्सिलीच्या बाबतीत जो समाज नमत होता तो पळीपंचपात्रीच्या बाबतीत नमेना, आणि महाराजांसारख्या सत्ताधीशानेही तेथे तडजोड केली. ती तडजोड व्यवहाराची होती असे माझे मत आहे. मुलांनी भुकेले राहून ऐक्याची वाट पाहावी, यापेक्षा वेगळ्या चुलीवर जेवून ती पदवीधर व्हावीत, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र त्यामुळे पंक्तीचा प्रश्न सुटला नाही, तो पुढे गेला.

तो पुन्हा पुढे आला एका चहाच्या दुकानाच्या रूपाने. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीस होते. स्पृश्यांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून महाराजांच्या गैरहजेरीत तेथील सवर्ण नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराज परत आल्यावर गंगाराम यांनी पाठीवरचे वळ दाखविले. मारणारांना शासन झाले, आणि गंगाराम यांना स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य मिळाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस त्यांनी भरवस्तीत, भाऊसिंगजी रस्त्यावर, चहाचे दुकान थाटले. नाव ‘सत्यसुधारक’. दुकान स्वच्छ, चहा चांगला, पण गिऱ्हाईक फिरकेना. महाराच्या हातचा चहा घ्यावयाचा कोणी? त्या काळी उपाहारगृहांवर ‘ब्राह्मणांचे’ अशी पाटी सर्रास असे, आणि अस्पृश्यासाठी असलाच तर बाहेर निराळा पेला.

महाराजांच्या कानी ही गोष्ट गेली. हुकूम काढून लोकांना चहा पाजता येत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. त्यांनी आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करविली, भर रस्त्यात गंगाराम यांच्या हातचा चहा मागून घेतला, स्वतः प्याले आणि बरोबरच्या मंडळींपुढेही पेले धरविले. बरोबरच्या मंडळींत कोण कोण असेल याची कल्पना करावी. छत्रपतींनी दिलेला पेला नाकारावयाचा तर नोकरी जाते. घ्यावयाचा तर जात. हे एकदाच घडले नाही, वारंवार घडले. कागदावर महाराजांची सही हवी असणाऱ्याने तेथेच यावे, असाही प्रघात पडला होता असे सांगतात. मौज अशी की पन्हाळ्याच्या परिसरात चहाच्या लागवडीचा प्रयोगही याच राजाने केला होता. चहा हे परके पेय. कोणत्याही स्मृतीत त्याचा उल्लेख नाही, आणि म्हणूनच कदाचित या कामी ते उपयोगी पडले. भाकरीने जे साधले नसते ते चहाने साधले.

१९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने येथे अस्पृश्यता न पाळण्याविषयी संस्थानचे हुकूम निघाले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने व सार्वजनिक उपाहारगृहे यांचा स्पष्ट नामनिर्देश आहे. विहिरी, तलाव व रस्ते यांच्या पंक्तीला घटनाकारांनी चहाचे दुकान बसविले, याचे परदेशी वाचकास नवल वाटेल. आपल्याला वाटू नये. तरी खेडोपाडी निराळ्या पेल्यांची चाल त्यानंतरही कित्येक वर्षे चालूच होती.

म्हणून आमच्या बेतात तिसऱ्या प्रहरचा चहा भाऊसिंगजी रस्त्यावर ठेवला आहे. गंगाराम यांच्या दुकानाची जागा नेमकी कोणती याचा शोध करीत बसू नये. जे दुकान समोर येईल तेथे उभ्याने घ्यावा. तेथून बिंदू चौक जवळ आहे. त्या चौकात जोतीराव फुले व बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ते १९५० मध्ये, म्हणजे आंबेडकर हयात असतानाच, बसविण्यात आले. मुलांना हे सांगताना चहा थंड होऊ देऊ नये.

परतीच्या वाटेवर एक वळण घ्यावयाचे आहे. हातकणंगले तालुक्यात, सांगली रस्त्यापासून थोडे आत, माणगाव नावाचे गाव आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी तेथे अस्पृश्यांची परिषद भरली. गावच्या पाटलांनी पुढाकार घेतला होता. अध्यक्ष होते आंबेडकर, वय अठ्ठावीस, विलायतेतील शिक्षण अर्धवट टाकून परतलेले आणि पुन्हा जाण्याच्या तयारीत असलेले. शाहू महाराज तेथे आले, बोलले, आणि आपल्या भाषणातच त्यांनी आंबेडकरांना आपल्या मुक्कामी बरोबर जेवावयास येण्याचे जाहीर निमंत्रण दिले. एखाद्या राजाने पाहुण्याला जेवावयास बोलाविणे ही बातमी होण्यासारखी गोष्ट नव्हे. ती त्या दिवशी हजारो लोकांसमोर सांगण्यासारखी होती. त्यानंतर दोन वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, महाराज मुंबईत वारले.

माणगावात खाण्यासारखे प्रसिद्ध असे काही नाही, त्यामुळे ते कोणत्याच यादीत आलेले नाही. कोल्हापुरातून साडेचारला निघाले तर उजेड असताना तेथे पोहोचता येते. सकाळी घेतलेला भडंगाचा पुडा फोडावयाचा तो तेथे. पाणी गावातच मागावे.